एलईडी पट्टी मागवण्याआधी थोडे गणित

गेल्या दिवाळीत आम्ही स्वयंपाकघरातल्या कपाटांखाली एलईडीची पट्टी लावली. तासाभरात तिचा अ‍ॅडॅप्टर हात लावता येईना इतका तापला. वेळीच लक्ष गेले म्हणून बरे! अ‍ॅडॅप्टर कमी वॉटचा होता आणि मी इंजिनिअर असूनही हिशेब केला नव्हता.

हिशेब सोपा आहे. दर मीटरला १२ वॉटची ४ मीटर पट्टी म्हणजे ४८ वॉट. त्यात पाव भाग मिळवून ६० वॉटचा अ‍ॅडॅप्टर घ्यावा. दोन्हींचे व्होल्टेज एकच असावे आणि अ‍ॅडॅप्टरवर यूएल किंवा ईटीएलची खूण पाहावी. पट्टी ५ मीटरहून लांब हवी असेल तर १२ ऐवजी २४ व्होल्टची मागवावी, नाहीतर दूरचे टोक मंद दिसते.

रंग २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर, निवडावा. रात्री उशिरा निळसर पांढरा उजेड झोपेला बाधतो.

रोज पाच तास दिवा लावला तर महिन्याला सुमारे सात युनिट वीज लागते. युनिटला २० सेंट धरले तरी खर्च दीड डॉलरच्या आतच. तेव्हा चांगल्या अ‍ॅडॅप्टरसाठी चार डॉलर जास्त मोजावे लागले, तर मागेपुढे पाहू नये.