बोजा कसा चढतो व कसा उतरवावा

शेतकरी बंधूंस विनंति कीं, पुढील मजकूर त्यांनीं आपला सात-बारा समोर ठेवून वाचावा. महसूल खात्यांतील कारकुनींतून मी नुकताच निवृत्त झालों. कर्ज फिटलें म्हणजे बोजा आपोआप उतरतो, या समजुतीनें नाडलेलीं माणसें मीं दप्तरांत अनेक वेळां पाहिलीं.

बोजा म्हणजे कर्जाच्या फेडीसाठीं मिळकतीवर बसलेला हक्क. मालकी व वहिवाट आपलीच राहते. परंतु कर्ज थकल्यास मिळकत विकवून पैसा वसूल करण्याचा मार्ग धनकोस मिळतो. गहाण याहून भारी. त्यांत मिळकतींतील हितसंबंधच धनकोकडे जातो. हा भेद १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत सांगितला आहे.

आपल्यापैकीं बहुतेकांचा संबंध सोसायटीच्या बोजाशीं येतो. कर्ज मागतांना सभासद जो इकरार लिहून देतो, त्यानें १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ४८ व्या कलमान्वयें जमिनीवर बोजा निर्माण होतो. पुढें फेरफार होऊन सात-बाराच्या 'इतर अधिकार' या रकान्यांत संस्थेचें नांव व रक्कम लिहिली जाते. कर्ज व्याजासह फिटेपर्यंत ती जमीन विकतां येत नाहीं. विकल्यास व्यवहार रद्दबातल ठरतो. सरकारी जमीनमहसुलाचा हक्क मात्र या सर्वांच्या आधीं येतो.

राहत्या घराची गोष्ट निराळी. पैशाच्या साध्या हुकूमनाम्यांत शेतकऱ्याचें राहतें घर जप्त करतां येत नाहीं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमांत तशी सूट आहे. परंतु तेंच घर आपण होऊन गहाण लिहून दिलें, तर ही ढाल कामास येत नाहीं. शिवाय २००२ च्या सरफेसी कायद्यान्वयें बँकेस ६० दिवसांची नोटीस देऊन, दावा न लावतां, गहाण घराचा ताबा घेण्याची वाट मोकळी आहे. त्या कायद्यांतून शेतजमीन वगळली आहे, घर वगळलेलें नाहीं. यास्तव शेतीच्या कर्जास घर जोडण्यापूर्वीं पुष्कळ विचार करावा.

आतां बोजा उतरविण्याविषयीं. माझ्या नोकरींत एक प्रसंग घडला. एका शेतकऱ्यानें सोसायटीचें कर्ज पैन् पै फेडलें व पावती देवघरांतील पेटींत ठेवली. दाखला मागितला नाहीं, अर्जही दिला नाहीं. तो वारल्यावर मुलांनीं विहिरीसाठीं कर्ज मागितलें, तों सात-बारावर जुना बोजा तसाच उभा. पावतीस वाळवी लागलेली, सोसायटीचा सचिव बदललेला, जुनीं खातेंपुस्तकें अडगळींत. तीं सांपडून बोजा उतरेपर्यंत उन्हाळा सरला व विहीर त्या वर्षीं राहिली. बापाचें कर्ज फिटलें होतें. कागदावर तें फिटलें नव्हतें.

असें होऊं नये म्हणून पुढील गोष्टी कराव्या :

१. शेवटचा हप्ता भरतांच सही-शिक्क्याचा बेबाकी दाखला मागून घ्यावा.

२. तो जोडून बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा व पोंच घ्यावी. दाखल्याची एक प्रत घरीं ठेवावी.

३. नोंदलेलें गहाणखत असल्यास गहाण फिटल्याचा लेख दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावा व मूळ कागद परत आणावे.

४. मंडळ अधिकाऱ्यानें फेरफार मंजूर केल्यावर नवा सात-बारा काढून 'इतर अधिकार' हा रकाना स्वतः वाचावा. वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून वाचवून घ्यावा.

जमीन विकत घेणारानेंही याच रकान्यापासून चौकशीस आरंभ करावा. कारण जमिनीचा मालक बदलला तरी नोंदलेला बोजा जमिनीबरोबर जातो. कर्ज फेडण्यास वर्षांचे कष्ट लागतात. त्यापुढील या कामास दोनचार हेलपाटे पडतील, पण ते चुकवूं नयेत.