रात्रीची गाडी आणि ड्रायव्हरची झोप

“डॉक्टरसाहेब, मी झोपलो नव्हतो. डोळे उघडेच होते माझे.”

समोर बसलेला माणूस बेचाळीस वर्षांचा. अठरा वर्षे ट्रकवर काढलेली. आपल्या बाजार समितीतून कांदा भरून चेन्नईला न्यायचा, तिकडून मिळेल तो माल घेऊन परत यायचे, असा त्याचा क्रम. पंधरा दिवसांपूर्वी पहाटे चारच्या सुमारास त्याची गाडी रस्ता सोडून बाभळीवर जाऊन आदळली. क्लीनरचा हात मोडला. समोरून कोणी येत नव्हते म्हणून निभावले. कपाळाचे टाके काढायला तो आला होता. सोबत पत्नी होती. ती हळूच म्हणाली, “ह्यांच्या घोरण्यानं पोरं दुसऱ्या खोलीत निजतात. मधेच श्वास थांबल्यागत होतो, मग दचकून उठतात.”

टाक्यांपेक्षा ही माहिती मला महत्त्वाची वाटली.

उघड्या डोळ्यांची झोप

तो खोटे बोलत नव्हता. झोपेची भूक फार वाढली की मेंदू मालकाला न विचारता दोन-चार सेकंद काम बंद ठेवतो. डोळे उघडे असतात, हात चाकावर असतात, पण समोरचे काही उमगत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी चार सेकंदांत ६५ मीटरांहून अधिक जाते. तेवढे अंतर भरलेला ट्रक चालकाशिवायच धावत असतो.

पहाटे दोन ते सहा ही वेळ सर्वात वाईट. आपल्या शरीरातले घड्याळ त्या वेळी झोपेचाच हुकूम देत असते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यानही पेंग येते, ती केवळ जेवणामुळे नव्हे.

जागरणाची नशा

ऑस्ट्रेलियातील डॉसन व रीड या संशोधकांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस हात आणि डोळे यांचा मेळ घालण्यात इतका मागे पडतो, की जणू त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य आहे. आपल्या कायद्यात चालकासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे.

आता हिशेब करून पाहा. ड्रायव्हर सकाळी सातला उठतो. दिवसभर गोडाऊनवर गाडी भरण्याची वाट पाहतो, बिल्टी घेतो, रात्री नऊला निघतो. मध्यरात्रीच त्याचे १७ तास पुरे होतात. थेंबभर न पिताही तो पहाटे प्यायलेल्या माणसासारखी गाडी चालवत असतो. प्यायलेल्याला पकडायला पोलिसांकडे यंत्र असते. जागरण पकडणारे यंत्र नाक्यावर नसते.

तोंडावर पाणी मारणे, मोठ्याने गाणी लावणे, तंबाखूचा बार भरणे या उपायांनी काही मिनिटे बरे वाटते, एवढेच. झोप उडवणाऱ्या गोळ्या तर घेऊच नयेत. त्यांचा अंमल उतरला की थकलेले शरीर एकदम कोसळते.

घोरण्याकडे हसून पाहू नका

“काय गाढ झोपलाय!” असे आपण घोरणाऱ्याला म्हणतो. काहींच्या बाबतीत गोष्ट उलटी असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू धडपडून जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा तेच. रात्रीतून असे शेकडो वेळा होऊ शकते. आठ तास अंथरुणात काढूनही माणूस सकाळी थकलेलाच उठतो. वजन जास्त, मान जाड आणि सकाळी डोके जड, अशांनी सावध व्हावे. या विकाराबरोबर रक्तदाबही वाढतो. झोपेची तपासणी करून निदान होते. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, रात्री मद्य टाळणे आणि गरज पडल्यास मुखवट्यातून हवा देणारे यंत्र, असे उपचार आहेत.

दोष एकट्या ड्रायव्हरचा नव्हे

ड्रायव्हर किती झोपणार हे त्याच्या हातात थोडे आणि ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वेळापत्रकात जास्त असते. १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, लांबच्या मार्गांवर परवानगीने फार तर १० तास, आणि ५ तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती असा नियम घातला होता. आपल्या रस्त्यांवर तो किती पाळला गेला हे सर्वांना ठाऊक आहे.

पण दुसरी वाटही निघू शकते. २०१४ साली सुरू झालेल्या रिविगो या खासगी वाहतूक कंपनीने पूर्वीच्या डाकेच्या घोड्यांसारखी टप्प्याची पद्धत आणली. फरक एवढाच, की इथे घोडा तोच राहतो, स्वार बदलतो. एका ड्रायव्हरने चार-पाच तास गाडी चालवायची, ठरलेल्या ठाण्यावर दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि उलट दिशेची गाडी घेऊन घरी परतायचे. माल थांबत नाही आणि माणूस आपल्या घरी झोपतो. २०२२ साली या कंपनीचा मालवाहतुकीचा मोठा व्यवसाय महिंद्र लॉजिस्टिक्सने घेण्याचे ठरवले.

चार गाड्यांच्या मालकाला अशी ठाणी उभारता येणार नाहीत. पण लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर देणे, गाडी भरत असताना ड्रायव्हरला गोडाऊनमध्ये निजायला जागा देणे, उशीर झाला म्हणून पैसे न कापणे, हे त्याच्या हातात आहे. जून २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. त्याने उकाडा कमी होईल, झोपेची थकबाकी फिटणार नाही.

ड्रायव्हर बंधूंनी एवढे पाळावे

१. चोवीस तासांत निदान सात तास झोप घ्यावी. रात्री निघायचे असेल तर दुपारी दीड-दोन तास झोपून घ्यावे.

२. जांभया येऊ लागल्या, मागचे दोन-तीन किलोमीटर आठवेनासे झाले, की गाडी ढाब्यावर किंवा पंपावर सुरक्षित जागी उभी करावी. एक कप चहा-कॉफी घेऊन लगेच वीस मिनिटे पडावे. कॉफीचा असर सुरू व्हायला तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर दहा मिनिटे चालून मगच निघावे.

३. सर्दी-खाजेच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. औषध घेताना आपण ड्रायव्हर आहोत हे डॉक्टरांना सांगावे.

४. घोरताना श्वास अडतो का, हे घरच्यांना विचारावे. स्वतःला ते बहुधा कळत नाही.

आमच्या या रुग्णाच्या तपासणीत श्वास अडण्याचाच विकार निघाला. “मालकाला कळलं तर गाडीवरून उतरवतील,” ही त्याची भीती होती. त्याच्या संमतीने मी मालकांशी बोललो. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “डॉक्टर, त्या रात्री निघायची घाई मीच केली होती.” उपचार लागू पडेपर्यंत त्यांनी त्याला गोडाऊनच्या कामावर ठेवले. तीन महिन्यांनी तो पुन्हा गाडीवर गेला, जोडीला दुसरा ड्रायव्हर घेऊन. यंत्र रोज रात्री लावतो. पोरे आता त्याच खोलीत निजतात, असे त्याच्या पत्नीने परवा सांगितले.