रुंद रस्ता आणि पायी चालणारा

“डॉक्टर, रस्ता मोठा झाला, आता अपघात कमी होतील ना?” डहाणू-तलासरीकडचे रुग्ण हा प्रश्न नेहमी विचारतात. उत्तर अर्धे ‘हो’ आहे, अर्धे ‘नाही’.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग (पूर्वीचा क्र. ८, आताचा ४८) दुपदरी होता तेव्हा समोरासमोरच्या टकरी फार होत. मध्ये दुभाजक असला की त्या घटतात, हा रुंदीकरणाचा निर्विवाद फायदा. पण रस्ता रुंद नि सरळ झाला की वेग आपोआप वाढतो; चालकाला ते जाणवतही नाही. आणि वेग दुप्पट झाला की शरीरावर येणारा आघात चौपट होतो. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता पायी माणसाचे पाहू. एक पदर साधारण साडेतीन मीटरचा. तीन पदरांची एकच बाजू ओलांडायला धडधाकट माणसाला ९ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार २५० मीटर अंतर कापते. डोक्यावर मोळी असलेल्या बाईला किंवा गुडघे दुखणाऱ्या आजोबांना १३ सेकंद तरी हवेत. मोटार लांब दिसते म्हणून पाऊल टाकले जाते आणि तिथेच घात होतो. पाडा एका अंगाला, शेत नि शाळा दुसऱ्या अंगाला, अशा ठिकाणी भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल नसेल तर माणसे दुभाजकावरून उड्या मारणारच. त्यांना बेशिस्त म्हणणे सोपे आहे!

अर्धवट रुंदीकरणाचाही धोका असतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी मृत्यू पावले. तीन पदरांचा रस्ता तिथे पुलापाशी दोन पदरांचा होत होता. पुढे बसलेले दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नाही, हा समज वाचकांनी आजच सोडावा.

अपघात झालाच तर जखमीला हातपाय धरून उचलून टेम्पोत टाकू नये. मानेचा मणका सरकला असेल तर जन्माचे लुळेपण येते. गाडी पेटण्याचा धोका नसेल तर त्याला जागेवरच ठेवून १०८ ला फोन करावा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड सतत दाबून धरावे. हळद, चहापूड भरू नये. पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते. उलटी होत असेल तर डोके, मान नि पाठ एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवावे. पोलिसांच्या लचांडाची भीती नको. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीनुसार मदत करणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही.