गेलेल्या दाताची जागा : दंतरोपणाचे शास्त्र आणि व्यवहार

दात पडणे ही वार्धक्याची अपरिहार्य खूण होय, अशी समजूत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हणही त्या समजुतीला जणू दुजोराच देते. वस्तुतः केवळ वय वाढले म्हणून दात पडत नाहीत. ते पडतात ते मुख्यत्वे दातांची कीड आणि हिरड्यांचे विकार यांमुळे. आणि हे दोन्ही विकार टाळता येण्याजोगे आहेत. तथापि ज्यांचे दात एकदा गेले, त्यांच्यापुढे रिकामी जागा कशी भरावी हा प्रश्न उभा राहतोच. या प्रश्नाला मागील शतकाच्या उत्तरार्धात शास्त्राने जे नवे उत्तर दिले, ते म्हणजे दंतरोपण, म्हणजेच सर्वसामान्यांच्या बोलण्यातील ‘इम्प्लांट’.

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या शहरांत हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. दंतचिकित्सालयांच्या पाट्यांवर तो ठळकपणे झळकतो. परंतु हा उपचार नेमका काय आहे, तो कोणास उपयुक्त ठरतो आणि त्यासाठी खर्च करण्यापूर्वी काय पाहावे, याची माहिती मात्र पाटीवर नसते. एकीकडे चाकरमान्यांची दाट वस्ती आणि दुसरीकडे मुरबाड, शहापूरसारखे ग्रामीण व आदिवासी तालुके अशी या जिल्ह्याची दुहेरी रचना असल्याने ही माहिती सर्व थरांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

एक दात गेल्याने काय होते?

प्रौढ माणसाच्या मुखात अक्कलदाढा धरून ३२ दात असतात. त्यांपैकी एक गेला तर बिघडले कोठे, असे पुष्कळांना वाटते. परंतु दातांची ओळ ही कमानीसारखी असते. मधला एक दगड निखळला की शेजारचे दगड हळूहळू कलू लागतात. त्याचप्रमाणे रिकाम्या जागेकडे शेजारचे दात झुकतात आणि समोरच्या जबड्यातील दात त्या जागेत उतरू लागतो. दातांच्या फटींत अन्न अडकते आणि आणखी दात किडतात.

याहून महत्त्वाचा बदल डोळ्यांना न दिसणारा आहे. जबड्याच्या ज्या हाडात दात रोवलेला असतो, ते हाड दाताच्या आधारानेच टिकते. चावताना पडणारा दाब मुळामार्फत हाडाला पोहोचतो आणि त्यामुळे हाड सशक्त राहते. दात काढल्यानंतर हा दाब नाहीसा होतो व हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात ही झीज सर्वाधिक असते. त्या जागच्या हाडाची रुंदी एका वर्षात जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. पुष्कळ वर्षे दात नसलेल्या वृद्धांचे गाल बसलेले व हनुवटी पुढे आलेली दिसते, त्याचे कारण हेच.

शिवाय आहाराचा प्रश्न आहेच. नाचणीची भाकरी, वाल, शेंगदाणे, काकडी, मुळा हे पदार्थ चावता येत नाहीत म्हणून वृद्ध माणसे पेज, मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटे यांवर दिवस काढू लागतात. दातांची उणीव अशा रीतीने पोषणाची उणीव होते.

तीन मार्ग

गेलेल्या दातांची जागा भरण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला काढता-घालता येणाऱ्या कवळीचा. ती कमी खर्चाची असते, शस्त्रक्रियेची आवश्यकता नसते आणि सर्व दात गेले असता आजही असंख्य लोकांना तिचाच आधार आहे. परंतु ती हिरड्यांवर टेकलेली असल्याने चावण्याची शक्ती नैसर्गिक दातांच्या मानाने बरीच कमी राहते, आणि हाडाची झीज चालूच राहिल्याने काही वर्षांत ती सैल पडते. खालच्या जबड्याची कवळी विशेष हलते, हा अनेकांचा अनुभव आहे.

दुसरा मार्ग पुलाचा, म्हणजे ‘ब्रिज’चा. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर टोप्या बसवितात व मधला कृत्रिम दात त्यांना जोडतात. हे काम थोड्या भेटींत पुरे होते व दात पक्का बसतो. मात्र त्यासाठी शेजारचे दात निरोगी असले तरी घासावे लागतात, आणि मधल्या जागेतील हाडाची झीज थांबत नाही.

तिसरा मार्ग दंतरोपणाचा. यात दाताच्या मुळाच्या जागी टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू जबड्याच्या हाडात बसविला जातो व त्यावर कृत्रिम दात उभारला जातो. शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही, आणि चावण्याचा दाब पुन्हा हाडापर्यंत पोहोचत असल्याने हाड टिकण्यास मदत होते.

एका योगायोगाचे फळ

मुखरोगांचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात त्यांसाठी स्वतंत्र अध्याय आहे. गेलेल्या दाताच्या जागी काहीतरी रोवण्याचे प्रयत्नही जगात अनेक ठिकाणी झाले. परंतु शरीर परकी वस्तू स्वीकारीत नसे. तिच्याभोवती मऊ पेशींचे वेष्टन तयार होई आणि ती सैल होऊन निघून जाई.

हा अडसर दूर झाला तो एका वेगळ्याच संशोधनातून. स्वीडनमधील शास्त्रज्ञ पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक सूक्ष्म नळी बसविली होती. प्रयोग संपल्यावर ती काढू लागले असता ती निघेना. हाड व धातू एकजीव झाले होते. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो. त्या थराशी शरीराचे वैर नसते व हाडाच्या पेशी थेट त्यावर वाढतात. ब्रोनेमार्क यांनी या गुणधर्माचा पुढे चिकाटीने अभ्यास केला आणि १९६५ मध्ये एका रुग्णाच्या जबड्यात पहिले रोपण केले. ते त्या रुग्णाच्या अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे ४० वर्षे टिकले. १९८२ मध्ये टोरांटो येथे झालेल्या परिषदेत त्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी मांडल्या आणि त्यानंतर हा उपचार जगभर पसरला.

उपचाराचे टप्पे

प्रथम मुखाची तपासणी होते व क्ष-किरणाच्या साहाय्याने हाडाची उंची, रुंदी आणि खालच्या जबड्यातून जाणाऱ्या मज्जातंतूचे स्थान पाहिले जाते. बहुतेक वेळा जबड्याचे त्रिमितीय चित्र घेणे हितावह असते. हिरड्यांचा रोग असल्यास त्याचा उपचार आधी पुरा करावा लागतो.

नंतर ती जागा बधिर करून हाडात बेताचे छिद्र घेतले जाते व स्क्रू बसविला जातो. त्याचा व्यास सामान्यतः साडेतीन ते पाच मिलिमीटर आणि लांबी आठ ते चौदा मिलिमीटरच्या आसपास असते. यानंतरचा टप्पा केवळ थांबण्याचा. हाड धातूला धरून घट्ट होण्यास खालच्या जबड्यात साधारणतः तीन महिने आणि वरच्या जबड्यात चार ते सहा महिने लागतात, कारण वरचे हाड अधिक सच्छिद्र असते. शेवटी स्क्रूवर जोडखांब बसवून त्यावर टोपी चढविली जाते. काही निवडक रुग्णांत तात्पुरता दात लगेच बसविता येतो. परंतु हाड जुळण्याचा काळ त्यामुळे टळत नाही. झटपट दातांच्या जाहिराती वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सर्व दात गेलेल्यांना प्रत्येक दातासाठी स्वतंत्र स्क्रू लागत नाही. खालच्या जबड्यात केवळ दोन स्क्रू बसवून त्यांवर कवळी अडकविण्याची पद्धत आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हीच पद्धत प्रथम विचारात घ्यावी, असे मत दिले होते. मर्यादित खर्चात स्थिर कवळी मिळविण्याचा हा मार्ग वृद्धांना विशेष सोयीचा आहे.

कोणास योग्य, कोणास नाही?

योग्य रुग्णाची निवड व योग्य निगा असल्यास दहा वर्षांनंतरही शंभरातील नव्वदांहून अधिक रोपणे टिकून असतात, असा जगभरचा अनुभव आहे. परंतु या दोन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरण्यास विलंब लागतो व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून रक्तातील साखर आधी नियंत्रणात आणावी लागते. जबड्यावर किरणोपचार झालेले रुग्ण, तसेच हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे घेणारे रुग्ण यांनी ती माहिती दंतवैद्यास अवश्य द्यावी. वाढत्या वयाच्या मुलांत जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत रोपण करीत नाहीत. मात्र वयाची वरची मर्यादा नाही. प्रकृती ठीक असेल तर सत्तरीतही हा उपचार होऊ शकतो.

सर्वांत मोठा शत्रू तंबाखू. धूम्रपानाने हिरड्यांचा रक्तपुरवठा घटतो व रोपण निकामी होण्याचा धोका वाढतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. त्यांत न ओढता खाण्या-लावण्याच्या तंबाखूचे प्रमाण अधिक होते. ग्रामीण भागात दात घासण्यासाठी मिश्री लावण्याची सवय अजूनही आहे. मिश्रीने दात बळकट होतात हा भ्रम आहे. ती भाजलेली तंबाखूच होय, आणि तिच्यामुळे हिरड्यांबरोबर मुखाच्या कर्करोगाचाही धोका संभवतो.

रोपणाला कीड लागत नाही हे खरे. परंतु त्याभोवतीच्या हिरड्या व हाड यांना रोग होतो आणि घट्ट बसलेला स्क्रू हलू लागतो. म्हणून दिवसातून दोनदा दात घासणे, दातांमधील जागा स्वच्छ ठेवणे आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करून घेणे हा उपचाराचाच भाग मानावा.

खर्च आणि सावधगिरी

हा उपचार अद्याप महाग आहे. सामान्य आरोग्य विम्यात अपघात वगळता दातांचे उपचार बहुधा समाविष्ट नसतात. ठाणे-कल्याण परिसरातील नागरिकांना खाजगी चिकित्सालयांखेरीज आणखी पर्याय उपलब्ध आहेत. मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मुंबई महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रल येथे आहे. नवी मुंबईत नेरूळ, खारघर येथे खाजगी दंत महाविद्यालये असून ठाण्याहून तिकडे लोकलने जाता येते. अशा संस्थांत निरनिराळ्या शाखांचे तज्ज्ञ एकाच ठिकाणी भेटतात. तेथे वेळ अधिक लागतो, हे मात्र गृहीत धरावे. आणि स्क्रू, टोपी इत्यादी साहित्याचा खर्च किती व तो कोणी सोसावयाचा, याची चौकशी आरंभीच करावी.

उपचार कोठेही घेतला तरी काही प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. दंतवैद्याची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे काय? कवळी किंवा ब्रिजने काम भागणार नाही काय? एकूण भेटी किती व एकूण खर्च किती? दात जोडला न गेल्यास पुढे काय? स्क्रूची कंपनी, मोजमाप व तुकडी क्रमांक यांची लेखी नोंद मागून घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय साधने औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. म्हणून अशी नोंद मागण्यात संकोच नको. बदली होऊन किंवा घर बदलून दुसऱ्या गावी गेल्यावर तेथील दंतवैद्याला याच नोंदीचा उपयोग होतो. ती हाताशी नसल्यास साधा सैल झालेला जोडखांब घट्ट करणेही अवघड जाते, कारण निरनिराळ्या कंपन्यांची हत्यारे निरनिराळी असतात.

शाळा आणि पंचायत

मूळ दात वाचविणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगले दंतरोपण होय. या कामी शिक्षकांना फार मोठी कामगिरी बजावता येते. खेळताना पडून मुलाचा पुढचा कायमचा दात मुळासकट निघाला तर तो फेकून देऊ नये. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये. तो मळला असल्यास न घासता क्षणभर पाण्याने धुवावा, शक्य असल्यास त्याच जागी बसवून रुमाल चावण्यास द्यावा. ते न जमल्यास दात दुधात ठेवून मुलाला तत्काळ दंतवैद्याकडे न्यावे. अर्ध्या-एक तासात उपचार मिळाल्यास तोच दात पुन्हा रुजण्याची आशा असते. कोरडा ठेवलेला दात मात्र लवकर निकामी होतो. दुधाचा दात असल्यास तो परत बसवू नये.

ग्रामपंचायतींनी शाळांतील दंततपासणी, मिश्री व तंबाखूविरोधी प्रचार आणि वृद्धांची तपासणी यांचा आपल्या आरोग्यकार्यात समावेश करावा. गावातील ज्या वृद्धाला भाकरी चावता येत नाही, त्याला कदाचित दंतरोपण परवडणार नाही. पण दंत महाविद्यालयाचा पत्ता, सोबतीला एक माणूस आणि नीट बसणारी एक कवळी एवढे तरी त्याला मिळावयास हवे. नव्या शास्त्राची माहिती शहरात पाटीवरून पोहोचते. खेड्यात ती पोहोचविण्याचे काम शिक्षक, आरोग्य कर्मचारी आणि पंच यांनाच करावे लागेल.