विश्लेषण : तीन-साडेतीन हजारांत घरात हिरवेगार अ‍ॅक्वेरियम? आधी वनस्पती, मासे महिन्याभरानंतर!

मुलांच्या हट्टापायी रविवारी फिशटँक घरी येतो. त्याच संध्याकाळी पाणी भरून दहा-बारा मासे सोडले जातात. बुधवारपर्यंत दोन मासे तळाशी दिसतात, पुढच्या रविवारी टँक पुसून माळ्यावर जातो. अनेक घरांत हा अनुभव येतो आणि दोष माशांवर किंवा दुकानदारावर जातो. खरे कारण वेगळे असते. टँकचे पाणी माशांसाठी तयारच झालेले नसते. जिवंत पाणवनस्पती लावलेला टँक, म्हणजेच ‘प्लांटेड अ‍ॅक्वेरियम’, हे काम सोपे करतो. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. लागते ती चार ते सहा आठवड्यांची सबुरी.

मासे पहिल्या आठवड्यातच का मरतात?

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असले तरी हा अमोनिया माशांचे कल्ले जाळतो. निसर्गात काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे तुलनेने कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतात. त्यांची वसाहत फिल्टर, वाळू आणि दगडांवर तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी अल्कधर्मी असेल तर अमोनिया आणखी घातक ठरतो. त्यामुळे क्षारयुक्त बोअरच्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्यांनी जास्त काळजी घ्यावी.

पाणवनस्पती अमोनिया थेट खत म्हणून शोषून घेतात. म्हणून वनस्पती हा टँकचा सर्वांत स्वस्त फिल्टर. अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून साधी माती आणि भरपूर वनस्पती वापरण्याची पद्धत मांडली. कमी खर्चाचे बहुतेक टँक आज याच विचारावर उभे राहतात.

टँक केवढा घ्यावा?

लहान बाऊल स्वस्त वाटतो, पण पाणी जितके कमी, तितके ते लवकर बिघडते. सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँक सोयीचा. त्याची क्षमता 54 लिटर. माती-वाळू घातल्यावर आणि वर थोडी जागा सोडल्यावर प्रत्यक्षात 40 लिटरच्या आसपास पाणी राहते. भरलेल्या टँकचे वजन 65 ते 70 किलो होते. त्यामुळे तो टीव्हीच्या हलक्या टेबलावर ठेवू नये. खिडकीतले थेट ऊनही टाळावे, नाहीतर शेवाळ माजते. जुना टँक विकत घेत असाल तर खाली वर्तमानपत्र पसरून, पाणी भरून दोन दिवस ठेवा. कागद ओला झाला की गळती कळते.

खर्च किती येतो?

शहर आणि दुकानानुसार दर बदलतात. अंदाज असा :

• दोन फुटी काचेचा टँक : 1,000 ते 1,300 रुपये
• 20 वॅटची साधी एलईडी ट्यूब : 250 रुपये
• एअर पंप, नळी आणि स्पंज फिल्टर : 500 रुपये
• वाळू आणि माती : 150 रुपये
• वनस्पती : 400 ते 500 रुपये
• क्लोरीन काढणारे औषध आणि थर्मामीटर : 250 रुपये
• मासे आणि खाद्य (महिन्याभरानंतर) : 300 ते 400 रुपये

हाताशी आणखी पैसे असतील तर ते शोभेच्या वस्तूंऐवजी अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याच्या किटवर खर्च करावेत. वीज फार लागत नाही. ट्यूब रोज आठ तास आणि पाच वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला साडेआठ युनिटच्या आत काम भागते.

‘अ‍ॅक्वेरियम लाइट’च हवा का?

नाही. खोक्यावर ‘कूल डेलाइट’ आणि 6500 केल्विन असे लिहिलेली घरगुती ट्यूब सोप्या वनस्पतींना पुरते. दिवा रोज सहा ते आठ तासच लावावा. त्यापेक्षा जास्त लावल्यास वनस्पतींऐवजी शेवाळच वाढते. वेळ पाळणे जमत नसेल तर टायमरचा सॉकेट घ्यावा. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर अशा टँकला लागत नाही.

तळाशी काय घालायचे?

रासायनिक खत न घातलेली बागेतली माती चाळून एक इंचाचा थर द्यावा. त्यावर धुतलेल्या जाड वाळूचा दीड इंचाचा थर द्यावा, म्हणजे माती वर येत नाही. समुद्राची वाळू, शंख-शिंपले आणि संगमरवर टाळावेत. त्यांतील चुन्यामुळे पाणी अधिक क्षारयुक्त होते. सजावटीसाठी आपल्याकडचा काळा पाषाण उत्तम, मात्र त्यात पांढरे खडे असतील तर आधी व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. फेस आला तर तो दगड बाजूला ठेवावा. पाणी भरताना वाळूवर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू ओतावे.

कोणत्या वनस्पती टिकतात?

सुरुवातीला भराभर वाढणाऱ्या वनस्पती जास्त असाव्यात, कारण त्याच अमोनिया वेगाने शोषतात. हायड्रिला, हॉर्नवर्ट आणि वॅलिस्नेरिया या तिन्ही स्वस्त आणि चिवट आहेत. जोडीला जावा फर्न, अनुबियास आणि क्रिप्टोकोराइन घेता येतात. जावा फर्न आणि अनुबियास यांचा आडवा कंद वाळूत पुरला तर तो कुजतो. तो दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावा. क्रिप्टोकोराइनची पाने नव्या पाण्यात गळून पडतात. तेव्हा ती उपटून फेकू नये, मुळातून नवी पाने येतात. तळाचा निम्म्याहून अधिक भाग पहिल्याच दिवशी वनस्पतींनी भरलेला हवा. सहाशे रुपयांच्या एका दुर्मीळ रोपापेक्षा सहाशे रुपयांच्या दहा साध्या जुड्या केव्हाही बऱ्या.

मासे कधी आणि कोणते?

पहिले चार आठवडे टँकमध्ये फक्त वनस्पती ठेवाव्यात, पण फिल्टर सतत चालू असावा. दोन दिवसांआड माशांच्या खाद्याची चिमूट टाकावी, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळते. मातीतूनही सुरुवातीला अमोनिया सुटतो, त्यामुळे दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलावे. ओळखीच्या कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या स्पंजचा एक तुकडा मागून आणावा. जिवाणू आयते मिळतात.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि वनस्पतींना नवी पाने फुटली की दोन-तीन मासे सोडावेत. बाकीचे दोन आठवड्यांनी. 40 लिटर पाण्यात पाच-सहा नर गप्पी किंवा सहा झेब्रा डॅनिओ पुरेसे आहेत. गप्पीची जोडी आणली तर दर महिन्याला पिल्ले होतात, म्हणून फक्त नर घ्यावेत. गोल्डफिश मोठा होतो आणि रोपे उपटतो. ‘काच साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा सकर मासा फूटभराहून मोठा होतो. हे दोन्ही दोन फुटी टँकसाठी नाहीत.

रोजची काळजी काय?

• खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच.
• आठवड्याला 20 ते 25 टक्के पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन औषधाने काढूनच ते टँकमध्ये ओतावे.
• निव्वळ आरओचे पाणी वापरू नये, त्यात आवश्यक क्षार उरत नाहीत.
• दर रविवारी टँक रिकामा करून धुणे ही सर्वांत मोठी चूक. त्यात सगळे जिवाणू मरतात आणि नव्याने सुरुवात करावी लागते.
• स्पंज नळाखाली धुऊ नये. टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळावा.

वीज गेली किंवा उन्हाळा वाढला तर?

एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीला एकमार्गी वॉल्व्ह लावावा. नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटे पंपात शिरते. वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी खाली झुकलेली असावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. टँकमध्ये हात घालण्यापूर्वी स्विच बंद करावा. मुंबई-कोकणात हीटरची गरज सहसा पडत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा असतो. पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो. अशा वेळी झाकण उघडे ठेवून पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा आणि खाद्य कमी करावे.

वाढलेल्या वनस्पती, नकोसे मासे कुठे टाकायचे?

नदी, तलाव, विहीर किंवा विसर्जन हौदात तर नाहीच. राज्यातील अनेक जलाशयांवर पसरलेली जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, तिथलाच सकर मासा आता देशातील अनेक नद्या-तलावांत सापडतो. टँकमधला हायड्रिलाही गटारात टाकू नये, त्याचा छोटा तुकडाही रुजतो. छाटलेल्या वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत खत म्हणून घालाव्यात किंवा टँक सुरू करणाऱ्या शेजाऱ्याला द्याव्यात. नकोसे झालेले मासे दुकानदाराला परत करावेत. काही दुकानदार ते घेतात, त्यामुळे खरेदी करतानाच विचारून ठेवलेले बरे.