प्राध्यापकाची पगारी रजा

डॉ. बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला होता. त्यांनी काटकसरीने शिल्लक टाकली, मित्र नवल भथेनांकडून उसने घेतले, शाहू महाराजांनी मदत केली आणि १९२० साली नोकरी सोडून ते लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले.

पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन शिक्षकांसाठी अधिछात्रवृत्ती काढली. पीएच.डी.साठी रजा, पगार चालू, बदली शिक्षकाचा पगार आयोग देई. उत्तम योजना! पण ती कायम शिक्षकांसाठी. आपली शिकलेली मुले मात्र तासिका तत्त्वावर राबतात. तास बुडाला की पैसे बुडाले. त्यांना कसली रजा? म्हणून संशोधनाच्या अनुदानाआधी आम्ही विचारतो, रिकाम्या जागा भरणार कधी?