सुरतेचं व्यासपीठ आणि टाकाची रेघ

२७ डिसेंबर १९०७. तापीकाठी सुरतेत काँग्रेस अधिवेशनाचा मांडव उभारला होता. उपसूचना मांडायला टिळक व्यासपीठावर चढले आणि अध्यक्ष रासबिहारी घोषांसमोर हाताची घडी घालून उभे राहिले, हटेनात. गोंधळात एक वहाण भिरभिरत आली, सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागली आणि फिरोजशहा मेहतांवर आदळली. इंग्रज वार्ताहर हेन्री नेव्हिन्सन तिथे हजर होता. लाल चामडं, टोकदार पुढा, तळाला शिसं आणि घडण मराठी, इतक्या बारकाईने त्याने तिचं वर्णन केलं.

अर्कचित्रकारासाठी ते व्यासपीठ म्हणजे पर्वणी. टिळकांची पगडी आणि मिशा, फिरोजशहांचे भरघोस कल्ले, सुरेंद्रनाथांची दाढी, लजपतरायांचा फेटा. मुंबईचा ‘हिंदी पंच’ बरजोरजी नवरोजींच्या संपादनाखाली ही मंडळी वर्षानुवर्षं चितारत होता. त्याचा कल मवाळांकडे, म्हणजे फिरोजशहांच्या गटाकडे होता. वाचकांच्या डोळ्यांना नेत्यांची ओळख पटवण्यात अशा पत्रांचा वाटा मोठा आहे.

पण पगडी रेखाटली की टिळक झाले, ही सवय मला घातक वाटते. पगडी कुणालाही घालता येते. सुरतेतले टिळक त्या घडी घातलेल्या हातांत आहेत, रोवलेल्या पावलांत आहेत. ते जमलं तर पगडी न रेखाटताही माणूस ओळखू येतो.

हे जमवायचं टाकाने. निबवर जोर दिला की तिची दोन पाती फाकतात आणि रेघ जाड होते, हात हलका केला की ती केसासारखी बारीक होते. पेन्सिलीचा कच्चा आराखडा नंतर खोडता येतो, शाईची रेघ नाही. जुन्या लाइन ब्लॉकला फक्त काळं आणि पांढरं कळे, करडी छटा नाही. म्हणून सावली आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीने भरायची. जाळी फार दाट झाली तर हलक्या कागदावर शाई पसरून गालाचा नुसता डाग होई. त्यामुळे कुठे हात आवरायचा, हे कळणं महत्त्वाचं.

मराठीत हा संयम मला सर्वांत जास्त दिसतो तो व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांकडे. १९२७ साली कोल्हापुरात जन्मलेले, पेशाने इंजिनीअर. ‘ललित’ मासिकाच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर त्यांनी मराठी लेखकांचे मेळे भरवले. मानेचा एक कल, खांद्याचा एक उतार, एवढ्यावर माणूस उभा राहतो. जयवंत दळवींनी ‘ललित’मध्ये ज्या टोपणनावाने सदर लिहिलं, त्या ठणठणपाळाला तर मुळात चेहराच नव्हता. तो सरवट्यांनी दिला.